नोंदवहीतले मूल, पुस्तकातले मूल

मराठीत अनाथ मुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; अनाथ मुलांनी स्वतः लिहिलेले मात्र थोडे. या दोन लेखनांत जे अंतर आहे ते केवळ शैलीचे नाही. पहिल्या प्रकारच्या लेखनात मूल रडते आणि वाचकाचे डोळे भरून येतात. दुसऱ्या प्रकारात मूल क्वचितच रडते. ते हिशेब मांडते. कोणी जेवू घातले, कोणी नाव दिले, कोणत्या वळणावर कोण हात सोडून निघून गेले, याचा तो हिशेब असतो. पालकांच्या छत्राविना शहरात वाढणाऱ्या मुलांना नेमके काय हवे असते, याची मोजदाद आज शासन, बाल कल्याण समित्या आणि सेवाभावी संस्था करीत असतात. त्यांची साधने म्हणजे छापील नमुने आणि अहवाल. आपल्याजवळ मात्र आणखी एक साधन आहे, आणि ते म्हणजे ही आत्मकथने. आपण ती वाङ्मय म्हणून वाचली, त्यांच्यावर परिसंवाद भरविले, अभ्यासक्रमात लावली. साक्ष म्हणून ती वाचायची राहून गेली. ती तशी वाचली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण मोजमाप शब्दांपासूनच सुरू होते. 'अनाथ' म्हणजे ज्याला नाथ नाही तो. नाथ म्हणजे धनी, रक्षणकर्ता. या शब्दात मुलापेक्षा त्याच्या नसलेल्या धन्याचा विचार अधिक आहे, आणि म्हणूनच जो कोणी देणगी घेऊन पुढे येतो तो आपोआप 'अनाथांचा नाथ' होऊन बसतो. 'बेवारशी' हा शब्द तर आपण फलाटावरच्या सामानाला आणि शवागारातल्या प्रेताला लावतो. तोच मुलालाही लावताना आपली जीभ अडखळत नाही. 'पोरका' हा शब्द या सर्वांत अधिक शहाणा आहे. आईबाप जिवंत असूनही मूल पोरके असू शकते, हे त्या शब्दाला ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत 'पालकांच्या संगोपनाविना असलेली मुले' अशी व्यापक संज्ञा वापरली आहे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही अनाथ बालकाची व्याख्या आईबापांच्या मृत्यूपाशी थांबत नाही. सांभाळण्यास पालक तयार नसेल किंवा असमर्थ असेल, तरी ते मूल त्या व्याख्येत येते. कायदा ज्या ठिकाणी आता पोहोचला, तेथे 'पोरका' हा आपला जुना शब्द केव्हाचा उभा होता.

हा शब्दभेद शेंद्रा परिसरात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. जालना रस्त्यावर चिकलठाण्याच्या पुढे गेले की औद्योगिक वसाहत लागते. २००१ मध्ये येथे स्कोडाचा मोटार कारखाना आला, मग त्याच्यामागून इतर आले, आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील 'ऑरिक' नगरीचे काम सुरू झाले. एकेकाळी मांगीरबाबाच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे शेंद्रा कमंगर आता ठेकेदारांच्या कामगारांनी भरून गेले आहे. तेथे, कुंभेफळला, करमाडला एकेका खोलीत मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबे राहतात. दोघेही पाळीवर जातात. एखाद्या घरात बाप गावी निघून गेलेला असतो, एखाद्या घरात आई. मूल थोरल्या बहिणीच्या ताब्यात असते आणि ती थोरली बहीणही नऊ-दहा वर्षांची असते. ऊसतोडीच्या हंगामात चित्र उलटे होते. मराठवाड्यातील खेड्यांतून आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात आणि मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहते. यांपैकी एकही मूल रूढ अर्थाने अनाथ नाही. पण कोणत्याही सायंकाळी त्यांच्यापैकी कोण पोरके आहे हे शेजारीण सांगू शकते.

त्यात एक कारभाराची अडचणही आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. बाल संरक्षण समिती गावात असते ती ग्रामपंचायतीची, शहरात असते ती प्रभागाची. औद्योगिक नगरीचा कारभार मात्र एका स्वतंत्र कंपनीकडे आहे. शेंद्रा धड खेडे उरलेले नाही आणि धड शहरही झालेले नाही. भाड्याच्या खोलीतल्या परगावच्या मुलाची नोंद कोणाच्या वहीत व्हावी, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका सोपा राहत नाही.

आता त्या वहीकडे वळू. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले की चोवीस तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे आणायचे असते. मग सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो. त्या नमुन्याचे स्वरूप २०१६ च्या आदर्श नियमांत दिलेले आहे. तो एक वाङ्मयप्रकार आहे असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. परंतु तो आहे. त्याचा नायक आहे, त्याचा निवेदक आहे, आणि निवेदकाचा एक ठरलेला सूरही आहे. कुटुंबातील माणसे, त्यांचे उत्पन्न, मुलाने घर सोडण्याचे कारण, मुलाच्या सवयी अशी त्याची प्रकरणे पडतात. सवयींचे दोन गट केलेले आहेत. एकात धूम्रपान, मद्यपान वगैरे येते. दुसऱ्यात चित्रपट पाहणे, खेळणे, वाचन, चित्रकला. मुलाने एकात किंवा दुसऱ्यात बसावे अशी अपेक्षा दिसते. रस्त्यावरच्या मुलाच्या सवयींतली सर्वांत महत्त्वाची सवय, म्हणजे कोणत्या दारात केव्हा उभे राहिले असता शिळी भाकरी मिळते याचे ज्ञान, कोणत्याच गटात बसत नाही.

तथापि त्याच नियमांतला दुसरा एक नमुना, वैयक्तिक काळजी आराखडा, पुष्कळच समंजस आहे. त्यात आरोग्य, आहार, शिक्षण ही खाती आहेतच. त्याशिवाय भावनिक आधार, खेळ आणि करमणूक, जिव्हाळ्याचे संबंध, स्वतंत्रपणे जगण्याची कौशल्ये अशीही खाती आहेत. आणि या सर्वांच्या आरंभी एक खाते आहे: काळजी आणि संरक्षणाकडून मुलाची स्वतःची अपेक्षा काय आहे. मला तर तो संबंध आराखड्याचा प्राण वाटतो. ज्याने तो रकाना पहिला घातला तो माणूस मुलांशी बोललेला असावा. दुर्दैव असे की पहिला रकानाच भरायला सर्वांत कठीण. नऊ वर्षांच्या, घाबरलेल्या, परकी भाषा बोलणाऱ्या मुलाला तुझी अपेक्षा काय असे विचारले तर ते 'घरी जायचंय' म्हणेल किंवा गप्प राहील. त्या गप्प राहण्याचे उत्तर वीस-तीस वर्षांनी येते. ते पुस्तकाच्या रूपाने येते.

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली प्रसिद्ध झाले. जातीच्या आणि बीजाच्या प्रश्नावर या पुस्तकाची चर्चा खूप झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु ते एका मुलाच्या संगोपनाची कहाणी म्हणून वाचले तर काय दिसते? जन्मदाता पाटील, त्याने मूल नाकारलेले. आई मसामाई जिवंत, पण तिचे आयुष्य तिच्या हाती नाही. मूल वाढते ते सोलापूर जिल्ह्यातल्या हन्नूरला, आजी संतामाईपाशी. तिच्याबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान म्हातारा मुलाचा 'दादा' होतो. हे कुटुंब एसटीच्या स्टँडवर राहते. आता आपला तपासणी अहवाल हाती घेऊ आणि या मुलाचा भरू. वडील: नाव लावण्यास वाद. निवासस्थान: बसस्थानक. सांभाळ करणारे: वृद्ध, विवाहाने संबंध नसलेले, भिन्नधर्मीय. कोणताही प्रामाणिक अधिकारी शेवटच्या ओळीत संस्थेत दाखल करण्याची शिफारस करील, आणि नियमाला धरून करील. पण पुस्तक वाचणाऱ्याला कळते की या मुलाच्या आयुष्यातली सर्वांत भरवशाची दोन माणसे नेमकी तीच होती. त्यांना धान्य हवे होते, छप्पर हवे होते, मुलासाठी दप्तर आणि शाळेत अपमान न होण्याची हमी हवी होती. मुलाला त्यांच्यापासून वेगळे करण्याची मुळीच गरज नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांत या विवेकाला दोन प्रश्नांचे रूप दिले आहे: मुलाला घरापासून दूर करणे खरोखर आवश्यक आहे काय, आणि असल्यास जी व्यवस्था करणार ती त्या मुलाला अनुरूप आहे काय. 'अक्करमाशी'तले मूल हे दोन्ही प्रश्न त्याच्या पंचवीस वर्षे आधी विचारून बसले आहे. समीक्षक म्हणून एक तक्रार मात्र नोंदवतो. जन्मदात्यावरचा संताप लेखकाला इतका व्यापून राहतो की संतामाई आणि दादा यांना पुस्तकात त्यांच्या वाट्याची पुरेशी पाने मिळत नाहीत. तो संताप कळण्याजोगा आहे. तरीही मुलाला कोणी घडविले या प्रश्नाचे उत्तर संतापाच्या बाजूला नसून त्या दोघांच्या बाजूला आहे.

याच्या उलट बाजू किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या पुस्तकात पाहावयास मिळते. तेथे घर आहे, आजोळ आहे, नात्यातली माणसे भरपूर आहेत. नमुन्यात सगळे रकाने व्यवस्थित भरले जातील. आई तमाशात नाचणारी; ती एका माणसाच्या आश्रयाने दूर गेली आणि मूल करमाळा तालुक्यातल्या नेरल्याला राहिले. नात्यातल्या माणसांत असूनही ते मूल राबते, मार खाते, आणि आईची वाट पाहते. हे पुस्तक घाईने लिहिल्यासारखे वाटते, त्यात पुनरुक्ती आहे, प्रसंगांवर लेखकाची पकड सैल आहे. परंतु वाट पाहणे म्हणजे काय हे मराठीत इतक्या उघडेपणाने फार थोड्यांनी सांगितले असेल. रक्ताचे नाते हे संगोपनाचे प्रमाणपत्र नव्हे, ही या पुस्तकाची साक्ष. लेखक डॉक्टर झाला आणि त्याने आईचे नाव आपल्या नावात ठेवले. २००७ मध्ये अपघाताने त्याचे अकाली निधन झाले.

दोन पुस्तके, दोन्ही जवळपास एकाच मुलखातली, आणि गरजेचा निवाडा अगदी परस्परविरुद्ध. नमुना या दोघांत भेद करू शकत नाही. करू शकतो तो घरात चार वेळा जाऊन बसलेला माणूस.

शहरी मुलाचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थात नारायण सुर्वे. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर सोडून दिलेले अर्भक गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला सापडले. त्याने ते घरी नेले, काशीबाईने ते आपले मानले, त्याला नाव आणि आडनाव दिले, शाळेत घातले. कोणत्याही समितीची मान्यता त्याला नव्हती. आजच्या कायद्याने तर तो गुन्हाच ठरावा. तो कायदा मुलांच्या विक्रीला आळा घालण्यासाठी आहे आणि तो हवाच. परंतु चाळीतल्या त्या खोलीत मुलाला जे मिळाले ते कोणत्याही अनुदानात बसणारे नव्हते. सुर्वे यांच्या चरित्राचा हा पूर्वार्ध आपण आवडीने सांगतो. उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि नवराबायको कोकणात गावी निघून गेली. चौथी झालेल्या नारायणाच्या हाती थोडे पैसे ठेवून त्याला मुंबईतच सोडण्यात आले. पुन्हा रस्ता, पुन्हा फूटपाथ, मग हॉटेलातला पोऱ्या, गिरणी, शाळेतला शिपाई, आणि पुष्कळ वर्षांनी शिक्षक. 'माझे विद्यापीठ' (१९६६) हा कवितासंग्रह या दुसऱ्या सोडून जाण्यानंतरच्या शिक्षणाचा आहे. आपल्याच मराठवाड्यात, परभणीला, १९९५ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा भाषणांतून रस्त्यावर सापडलेल्या मुलाच्या या उंचीचे कौतुक पुष्कळ झाले. कौतुक योग्यच होते. परंतु एक सुर्वे वर आला म्हणून फूटपाथ हे विद्यापीठ आहे असे मानणे सोयीचे असले तरी खोटे आहे. त्या विद्यापीठातून बाहेर न पडलेल्यांची यादी कोणी छापत नाही.

या ठिकाणी 'सलाम बॉम्बे' (१९८८) या मीरा नायर यांच्या चित्रपटाची आठवण होते, कारण त्यात आणि प्रत्यक्षात एक विचित्र साखळी आहे. रस्त्यावरच्या मुलांनाच शिकवून त्यांच्याकडून त्यात कामे करवून घेतली होती, आणि चित्रपटानंतर त्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, ही गोष्ट स्तुत्य आहे. कृष्णाची भूमिका करणाऱ्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बंगळूरुमध्ये रिक्षा चालवून पोट भरू लागला. रिक्षा चालविण्यात कमीपणा काहीच नाही. मुलाला टाळ्यांनंतर काय हवे होते हा प्रश्न तेवढा उरतो.

डॉ. सुनीलकुमार लवटे यांचे 'खाली जमीन, वर आकाश' हे आत्मकथन या सर्वांहून वेगळे आहे, कारण त्यातले मूल संपूर्णतः संस्थेत वाढले. पंढरपूरच्या नवरंगे बालकाश्रमात, जो प्रार्थना समाजाच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात सुरू केला होता, त्यात १९५० साली त्यांचा जन्म झाला. नंतर कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये ते वाढले. शिकले, हिंदीचे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले, आणि ज्या रिमांड होममध्ये वाढले तेच पुढे बालकल्याण संकुल म्हणून उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. शीर्षकच पाहा. बाकीच्या जगाला भिंती असतात, तेथे या मुलाला फक्त जमीन आणि आकाश. संस्थाकार्याचा भाग येतो तेथे कार्यकर्ता लेखकावर मात करतो आणि निवेदन अहवालाकडे झुकते, हे मान्य केले पाहिजे. पण या पुस्तकाने एक मोठी गोष्ट केली. संस्थेविषयी बोलताना मराठी लेखक एकतर तिला नंदनवन करतो किंवा तुरुंग. लवटे तिला घर म्हणण्याचा प्रयत्न करतात आणि तो प्रयत्न कोठे कोठे फसला तेही सांगतात. संस्थेत ताट वेळेवर येते. बिछाना असतो. शाळेची फी भरली जाते. मोजता येण्याजोगे बहुतेक सारे तेथे असते. आपल्या एकट्याचे असे माणूस, एकाच मुलाकडे पाहून हसणारे, तेवढे नसते. आणि मोठ्या घंटेच्या शिस्तीत ते असणे कठीणच. जॉन बोल्बी या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाच्या मनाच्या आरोग्यासाठी एका स्थिर, प्रेमळ व्यक्तीचा सहवास अत्यावश्यक आहे, असे म्हटले होते. मराठी वाचकाला त्यासाठी परदेशी अहवालापर्यंत जायला नको.

की जायला हवे? कारण आपल्या वाङ्मयाचा एक दोष येथे आड येतो. १९३५ साली 'श्यामची आई' आले आणि घर म्हणजे आई हे समीकरण मराठी मनात पक्के झाले. ते पुस्तक थोर आहे. परंतु त्याच्या छायेत वाढलेल्या वाचकाला आईविना वाढणारे मूल केवळ एका रिकाम्या जागेच्या रूपाने दिसते. त्या जागेत आजी असते, मावशी असते, चाळीतला शेजारी असतो, स्टँडवरचा हमाल असतो, वसतिगृहाची सिस्टर असते, हे आपल्या दृष्टीतून सुटते. दयेला रिकामी जागा हवी असते. गरजेला तेथे आधीपासून उभी असलेली माणसे हवी असतात.

करमाडची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघालेले कामगार रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण मरण पावले. शेंद्र्यापासून ते ठिकाण दूर नाही. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर छापून आले. त्या छायाचित्रावर कविता झाल्या, अग्रलेख झाले. मृतांची गावे उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांत होती. त्यांची मुले तेथे, मृत्यू येथे. आपल्या जिल्ह्याच्या कोणत्याही वहीत त्या मुलांची नावे येण्याचे कारण नव्हते. त्या पोळ्यांवर जितके लिहिले गेले त्याच्या शतांशानेही त्या मुलांवर लिहिले गेले नाही. मराठी करुणरसाची ही मर्यादा मला त्या वेळी फार जाणवली.

नंतरच्या वर्षी साथीने घराघरांत मृत्यू आणले आणि शासनाने मोजदाद केली. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाख रुपयांची ठेव ठेवली. केंद्रानेही वेगळी योजना आणली. बालसंगोपन योजनेची मासिक रक्कम २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आली. अनाथांसाठी २०१८ मध्ये नोकरी आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण आले, आणि अनाथ कोणाला म्हणावे याची व्याख्या पुढे बदलावी लागली. हे सर्व आवश्यक होते आणि त्यासाठी झगडणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु साथीने दोन्ही पालक गेले तर मूल एका रकान्यात, एक गेला तर दुसऱ्या, आणि बाप दारू पिऊन परागंदा झाला तर त्याच्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, अशी ही रचना आहे. मृत्यूचे कारण मोजणे सोपे असते.

आपल्या ख्रिस्ती वाङ्मयात या प्रश्नाची एक जुनी आणि ठसठशीत वाट आहे, ती आपणच विसरत चाललो आहोत. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या दुष्काळात अल्पावधीत गेले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावच्या मुक्ती सदनात ठेवल्या. भूक काय असते हे त्यांना सांगावे लागले नव्हते. म्हणूनच त्या भाकरीपाशी थांबल्या नाहीत. विणकाम, घाणा, छापखाना असे उद्योग त्यांनी तेथे उभे केले. त्यांच्या मराठी बायबलाचे खिळे त्या सदनातल्या मुलींनी जुळविले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तर असे घर आहे की ज्याच्या उंबरठ्याला आपले-परके हा भेद ठाऊक नाही. बालकवी ठोंबरेही काही काळ त्याच घरात राहिले. लक्ष्मीबाई कोठेही दयेचा सूर लावत नाहीत. त्या पोरांना रागावतात, त्यांच्या खोड्या सांगतात, त्यांना हसतात. ज्या मुलाच्या खोड्या सांगता येतात ते मूल घरचे झालेले असते.

याकोबाच्या पत्राच्या मराठी भाषांतरात अनाथांच्या संदर्भात 'समाचार घेणे' हा शब्दप्रयोग येतो. आज आपण तो खरडपट्टी काढणे या अर्थाने वापरतो, आणि आपल्या काही संस्थांमध्ये, दुर्दैवाने, तोच अर्थ अधिक प्रचलित असेल. मूळ अर्थ आहे जाऊन विचारपूस करणे, खबर घेणे. 'गरजांचे मूल्यांकन' या जड शब्दसमूहाला मला यापेक्षा चांगला मराठी प्रतिशब्द सुचत नाही. समाचार घेणारा माणूस एकदा जाऊन परत येत नाही. कालची खबर आज शिळी झालेली असते.

आपल्या धर्मग्रामांतली चाल पाहिली तर नाताळात बालगृहाला भेट, लेकराच्या वाढदिवसाला तेथे केक, आणि छायाचित्र. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण त्या गृहातल्या मुलांना आपापला वाढदिवस ठाऊक नसतो, किंवा कागदावर एक जूनची तारीख असते, आणि परक्याच्या वाढदिवसाची टाळी वाजवण्याचा त्यांना वर्षभर सराव होतो. एखाद्या कुटुंबाने एकाच मुलाला दर महिन्याच्या एका रविवारी घरी जेवायला न्यायचे ठरविले, संस्थेच्या आणि समितीच्या रीतसर परवानगीने, आणि ते सात वर्षे चालविले, तर त्याची बातमी होणार नाही. प्रतिपालकत्वाची तरतूद कायद्यात आहे. ती आपल्या कुटुंबांना माहीतच नसते. २०२२ च्या मिशन वात्सल्य या योजनेत मुलाला नातेवाइकांपाशीच ठेवून दरमहा चार हजार रुपयांपर्यंत साहाय्य देता येते. संतामाईला हे मिळाले असते तर 'अक्करमाशी'ची काही प्रकरणे लिहावी लागली नसती.

राहता राहिला अठराव्या वर्षाचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचे दार मागे लागते. काहींना अनुरक्षण गृहात एकवीसपर्यंत राहता येते. कायद्याने एकरकमी मदतीचीही तरतूद आहे. आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा काय करतो ते आठवावे. त्याला स्वयंपाक येत नाही, बँकेत तो बापाला बरोबर नेतो, नोकरी सुटली तर दोन महिने घरी लोळतो. त्याच वयाचा दुसरा मुलगा शेंद्र्याच्या कारखान्याच्या फाटकाशी आय.टी.आय.चा दाखला घेऊन उभा राहतो. ठेकेदार त्याच्याकडे आधार कार्ड मागतो, कायमचा पत्ता मागतो, अडीअडचणीला कळवायचे नाव आणि फोन मागतो. खोलीमालक हमीदार मागतो. पाळी संपल्यावर ताप आला तर कोणाला सांगायचे हे त्याला माहीत नसते. सुर्वे यांना गंगारामांनी सोडले तेव्हा ते याहूनही लहान होते; लवटे मात्र ज्या दारातून बाहेर पडले त्याच दारातून पुन्हा आत जाऊ शकले, कारण तेथे त्यांना ओळखणारी माणसे होती.

वैयक्तिक आराखड्याच्या शेवटच्या भागात मूल संस्था सोडून कोठे जाणार, त्याचा पाठपुरावा कोण करणार, हे लिहायचे असते. तेथे बहुधा संस्थेच्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहिले जाते. पद बदलीवर जाते. त्या ओळीत एखाद्या माणसाचे नाव, त्याच्या घराचा पत्ता आणि सणाला जेवायला येण्याचे आमंत्रण लिहिता येईल एवढी जागा छापील नमुन्यात आहे. ती मी मोजून पाहिली. दोन ओळी मावतात.